कोपराच्या अंतरावरची भाषा

चैत्रात गावची यात्रा आली की मुंबईचे डबेवाले चार-सहा दिवसांची सुट्टी टाकून गावाकडे निघतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, डोंगरापलीकडे अकोले आणि संगमनेर, अशी त्यांची गावं. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीत असा माणूस एसटीतून उतरतो, पिशवी खांद्याला लावून पारासमोरून जाऊ लागतो, आणि पारावरून हाक येते, "काय पाव्हणं, वाट चुकला का काय आज?"

हे वाक्य नीट ऐकावं असं आहे. ज्याला 'पाव्हणं' म्हटलं तो पाहुणा नाही, त्याच गावात त्याची नाळ पुरलेली. त्याची वाट चुकलेली नाही, हेही विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. शब्दांपुरतं बघितलं तर अख्खं वाक्य खोटं. तरीही ती निव्वळ थट्टा नव्हे. वर्षभर फिरकला नाहीस, ही तक्रार त्यात खरी आहे. आलास, बरं वाटलं, हा जिव्हाळाही तितकाच खरा आहे. येणारा माणूसही या दोन्ही गोष्टी एकदमच ऐकतो. त्यामुळे तो रागावत नाही आणि खुलासाही देत बसत नाही. "रस्ता नवा केला ना तुम्ही, गाव वळखूच येईना," असं परतून म्हणतो आणि पारावर टेकतो. मागच्या यात्रेत होते तेच खड्डे अजून रस्त्यात आहेत, हे पारावरच्या सगळ्यांना माहीत असतं.

अशा बोलण्याला नाव काय द्यायचं? इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांनी अलीकडे 'अर्धा' आणि 'उपरोधिक' हे दोन शब्द जोडून एक विशेषण चालवलं आहे. बोललो ते थोडं गमतीनं, थोडं मनापासून, असा त्याचा भाव. मराठीला ही जोडणी करावी लागली नाही. मराठीत 'कोपरखळी' होती.

कोपरखळी म्हणजे कोपरानं दिलेला ढोसणा. पंगतीत, बैठकीत, एसटीच्या बाकावर शेजारच्याला हळूच दिलेला. शब्द शरीराचा आहे आणि त्याची सगळी गंमत त्या शरीरातच आहे. हात लांब करून दूरच्याला चापट मारता येते, दगड तर त्याहून लांब जातो. कोपर मात्र शेजारी बसलेल्यालाच लागतं. शिवाय कोपरानं जखम होत नाही. 'अरे' म्हणून माणूस वळून बघतो, एवढंच. बोलण्यातल्या या प्रकाराला मराठी माणसानं हे नाव दिलं तेव्हा त्यात दोन अटी आपोआप आल्या: समोरचा माणूस जवळचा हवा आणि लागलं तरी दुखता कामा नये. यांतली एक अट मोडली की तीच वाक्यं दुसऱ्या नावानं ओळखली जातात.

ती दुसरी नावंही बघण्यासारखी आहेत. 'टोमणा' टोचतो, त्यात जिव्हाळा उरलेला नसतो. 'चिमटा' काढला की क्षणभर झोंबतं. 'फिरकी' घेतली जाते तेव्हा समोरच्याला आपण गोल फिरतोय हे उशिरा कळतं. 'शालजोडीतला' हा तर मराठीतला अस्सल खानदानी प्रकार. शालजोडी म्हणजे मानाची दुहेरी शाल. ती अंगावर घालताना आत गुंडाळलेला जोडा लागावा, तसा हा मार. वरून इतका आदर की घेणाऱ्याला तक्रारही करता येऊ नये. कोपरखळी आणि शालजोडीतला यांची गल्लत बरेच जण करतात, पण दोहोंत मोठा फरक आहे. शालजोडीतल्या माराची शाल खोटी असते. कोपरखळीतली आपुलकी खोटी नसते.

'उपरोध' हा आज आपण सर्रास वापरतो तो शब्द मूळचा संस्कृत, 'रुध्' म्हणजे अडवणं या धातूपासूनचा. संस्कृतात त्याचा अर्थ अडथळा, वेढा. मराठीत येताना त्यानं अर्थ पार बदलला. सरळ जाणाऱ्या अर्थाला मध्येच अडवून भलतीकडे वळवणारं बोलणं, असं त्याचं नातं कुणी लावलं तर ते पटण्याजोगं आहे. पण उपरोधात अर्थ पुरता उलटतो. 'फारच हुशार आहेस' म्हणजे अजिबात नाहीस. कोपरखळीत तो उलटत नाही, कलतो. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

हा कलता अर्थ या मातीत फार जुना आहे. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. याच सातवाहन कुळातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह आहे. राजांच्या लढायांपेक्षा त्यात शेत, नदी, पाऊस, सासर, वाटसरू यांचं जग जास्त आहे. त्यातल्या कितीतरी गाथांमध्ये बोलणारी बाई एक म्हणते आणि सुचवते भलतंच.

त्यातली एक गाथा तर भारतभरच्या काव्यशास्त्रात गाजली. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला, आणि शब्दाच्या सरळ अर्थाआड दुसरा अर्थ कसा लपतो हे दाखवताना त्यानं पहिल्याच प्रकरणात ही गोदाकाठची प्राकृत गाथा घेतली. प्रसंग असा: नदीकाठच्या झाडीत एका बाईची प्रियकराशी भेटण्याची जागा आहे. एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला नेमका तिथंच येऊ लागतो. तिथला कुत्रा त्याला भेडसावत असतो. ती बाई त्याला सांगते की आता खुशाल फिरा, तो कुत्रा मेला. काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं त्याला मारला. शब्दांत बोलावणं आहे, अर्थात मनाई. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या झाडीत कशाला पाय ठेवील? या बाईनं 'येऊ नका' असं एकदाही म्हटलेलं नाही. उलट, काळजी असल्यासारखं 'निर्धास्त या' म्हटलं आहे. काश्मीरच्या पंडिताला आपला मुख्य सिद्धान्त समजावून सांगायला गोदावरीकाठच्या बाईचं बोलणं लागलं, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा.

पुढच्या शास्त्रकारांनी या वाकड्या बोलण्याचे बारीक बारीक भेद केले. व्याजस्तुती म्हणजे निंदेच्या आडून केलेली स्तुती किंवा स्तुतीच्या आडून केलेली निंदा. वक्रोक्तीचे दोन भेद मानले गेले, एक श्लेषावर उभा आणि दुसरा 'काकू'वर. काकू म्हणजे आवाजाचा कल. 'जा' हा शब्द कागदावर एकच. तो रागानं म्हटला, लाडानं म्हटला, की 'बघू कसा जातोस ते' अशा सुरात म्हटला, त्यावर अर्थ ठरतो. भरताच्या नाट्यशास्त्रातही या काकूचा विचार आहे, कारण नटाला तिच्यावाचून गत्यंतर नाही. कोपरखळीचा सगळा जीव या आवाजाच्या कलात आहे.

नटाचा विषय निघाला की या भागात बोट आपोआप नारायणगावाकडे वळतं. पुणे-नाशिक रस्त्यावर, मीना नदीकाठचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. भाऊ-बापू मांग यांच्या फडानं आणि पुढे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं. विठाबाईंना 1957 आणि 1990 अशा दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं; 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या. तमाशातल्या प्रदीर्घ सेवेसाठी राज्य सरकार आज त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, एकेका राहुटीत शिरतात, गादीवर बसतात, तारखा विचारतात आणि सुपारी ठरते. इथली घासाघीस ऐकली तर कोपरखळीचं सगळं व्याकरण एका जागी सापडतं. समजा, कमिटीतला एक म्हातारा म्हणतो, "यंदा लय मोठे झालात म्हणे तुम्ही." फडाचा मॅनेजर उत्तर देतो, "मोठं तुम्हीच केलं, आबा. म्हणून तर तुमच्याकडं कमीच मागतोय." पहिल्या वाक्यात 'आकडा फार सांगतोयस' हे सुचवलं आहे, पण फडाचं नाव मोठं झालंय हेही कबूल केलं आहे. दुसऱ्यात उपकाराची जाणीव आहे आणि आकडा काही कमी होणार नाही हेही आहे. दोघांनीही पैशाचा शब्द न उच्चारता पैशाचंच बोलून घेतलं. चहा येतो, आणि बोलणी पुढे सरकतात.

त्या पहिल्या वाक्यातला 'म्हणे' जरा हातात घेऊन बघावा. दोन अक्षरांचा शब्द, पण बोलणारा त्याच्या आड उभा राहतो. 'तुम्ही मोठे झालात' हे विधान झालं. 'मोठे झालात म्हणे' यात ते विधान लोकांच्या तोंडी घातलं; मी फक्त कानावर आलेलं सांगतोय, खरं-खोटं तुम्हीच बघा. बोलणारा विधानाला अर्धाच बांधलेला राहतो. अर्ध्या उपरोधासाठी मराठीनं घडवलेलं याहून नेमकं हत्यार क्वचितच सापडेल.

राहुटीतली ही बोली रात्री फडावर कला होऊन उभी राहते. गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात, वाटेचं दाण मागतात, आणि गवळणींच्या पुढे उभी असते मावशी. हे काम पुरुषच करतो. पदर सावरत, कमरेवर हात ठेवून मावशी साक्षात देवाला झापते. कोण तू, कुणाचा, कर मागायचा अधिकार तुला कुणी दिला? नाणेघाटाच्या रांजणाच्या मुलखात जकातीवरून हा वाद रंगावा, हेही शोभूनच दिसतं. प्रेक्षकांतली माळकरी मंडळीही मनापासून हसतात, आणि त्यांच्या भक्तीला कुठं धक्का लागत नाही. देव शेजारचा आहे, म्हणून त्याला कोपर लागतं. वारकरी संतांनी विठ्ठलाशी भांडण मांडलं ते याच नात्यानं. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि एकेका सासरच्या माणसाची वाट लाव म्हणते. ऐकणारा वैतागलेल्या सुनेला हसतो आणि त्याच वेळी मनातले विकार घालवण्याचं मागणंही ऐकतो. दोन्ही अर्थ एकदम चालतात, एकानं दुसरा पुसला जात नाही.

गवळणीनंतरच्या बतावणीत सोंगाड्या खरा मोकळा सुटतो. सरदार शहाणा, सोंगाड्या वेडा, असं दिसतं. सरदार सांगेल ते तो शब्दशः घेतो आणि त्या शब्दशः घेण्यातूनच शहाण्याचं पितळ उघडं पडतं. प्राचीन ग्रीक सुखात्मिकेत असंच एक पात्र असे, 'आयरॉन' नावाचं. आपल्याला काही कळत नाही असं दाखवणारं, आणि बढाईखोराला त्याच्याच शब्दांत अडकवणारं. उपरोधासाठीचा पाश्चात्त्य शब्द या पात्राच्या घराण्यातला. म्हणजे अथेन्सच्या रंगभूमीवर जो उभा होता त्याचा एक भाऊबंद हलगीच्या तालावर आपल्याकडेही उभा राहिला, कुणी कुणाकडून उसना न घेता. मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न'मधल्या सावळ्या कुंभाराच्या भूमिकेत हेच करायचे. 1973 साली संगीत नाटक अकादमीनं त्यांना सन्मानित केलं.

सोंगाड्याच्या तोंडी कोणतं वाक्य शोभेल? समजा, तो म्हणाला, "या गावचा रस्ता लय झ्याक बरं का सरदार! सबंध वाटेत एकालाबी डुलकी लागली नाही. डायवरला सुद्धा!" पुढच्या रांगेत सरपंच बसलेत. सगळा मांडव त्यांच्याकडे बघून हसतो आणि सरपंचही हसतात. ही टीका त्यांना पत्रकात छापून आली असती तर बोचली असती, ग्रामसभेत कुणी उठून म्हटली असती तर भांडण झालं असतं. इथं का चालते? एक तर वाक्यातली स्तुती उसनी का होईना, आहे. दुसरं, बोलणारा गावचा पाहुणा आहे, संध्याकाळी गावचंच जेवला आहे, आणि त्या खड्ड्यांतून वाद्यं, सामान आणि माणसं घेऊन तो यात्रेला आला हीसुद्धा गावाबद्दलची ओढच आहे. तिसरं, त्याचा आवाज, डोळे, थांबण्याची जागा हे सगळं समोर दिसतंय. कोपर लागण्याइतकं सगळं जवळ आहे.

घरातही ही भाषा दिवसभर चालू असते आणि तिची साधनं व्याकरणातच ठेवलेली आहेत. नऊ वाजता उठलेल्या मुलाला आई म्हणते, "उठलात का महाराज? चहा घेणार ना आपण?" एरवीचा 'तू' एकदम 'आपण' झाला, क्रियापद आदरार्थी झालं. मुलाला कळतं की ओरडा बसलाय. पण त्यालाच हेही कळतं की चहा खरोखर मिळणार आहे. रागावलेली आई 'तू'वरच राहते. 'आपण' म्हणणारी आई अर्धीच रागावलेली असते. हीच मेख शब्दक्रमातही आहे. 'तू मला शिकवतोस' हे साधं वाक्य, 'शिकवतोय मला!' म्हणत क्रियापद पुढे आणलं की अर्थ कलला. अंकांनाही मराठीनं या कामाला लावलं. शहाणा तो शहाणा. त्याला आणखी अर्धं शहाणपण दिलं की 'दीडशहाणा' होतो, आणि शहाणपण वाढण्याऐवजी संपतं. नातवानं मोबाइलमधलं काही बिनचूक करून दाखवलं की आजी कौतुकानं "दीडशहाणं कार्टं" म्हणते, तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ पुन्हा उलट्या बाजूला कलतो. शिवी आणि मुका एकाच श्वासात.

कधी कधी वस्तुस्थितीच अशी असते की सरळ बोललेलं वाक्यही कोपरखळीसारखं लागतं. आंबेगाव तालुका आहे, पण ज्या आंबेगावावरून त्याला नाव मिळालं ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी डिंभे हे एक; माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. या पाण्यानं खालच्या अंगाची शेतं पार नगर-सोलापूरकडेपर्यंत भिजली. आता त्या जुन्या गावच्या माणसाला कुणी परक्यानं विचारलं, "गाव कुठं आलं तुमचं?" आणि तो म्हणाला, "पाण्यात," तर त्यात अक्षरही खोटं नाही. उपरोधाला शब्द आणि वस्तुस्थिती यांच्यात अंतर लागतं असं पुस्तकं सांगतात; इथं तसूभर अंतर नाही. तरीही ऐकणाऱ्याला एकाच वेळी हसू येतं आणि गलबलतं. परिस्थितीतल्या अशा विपरीताला मराठीत 'दैवदुर्विलास' हा भारदस्त शब्द आहे. तो अग्रलेखात शोभतो. धरणग्रस्ताच्या तोंडी 'पाण्यात' एवढंच पुरतं.

ही भाषा अडखळते ती लिहिताना. कागदावर आवाज नसतो, काकू नसते. युरोपातही ही अडचण जाणवली होती. 1899 साली आल्कांते द ब्राम या फ्रेंच कवीनं उपरोध ओळखू यावा म्हणून उलट्या प्रश्नचिन्हासारखं एक खास विरामचिन्ह सुचवलं. ते रुजलं नाही. आता मोबाइलवर तेच काम हसरे चेहरे आणि जोडलेले हात करतात. पण जोडलेले हात हे आभाराचे, माफीचे की 'पुरे करा आता'चे, हे ओळखताना पुन्हा पंचाईत. भावकीच्या ग्रुपवर कुणी लिहितो, 'वा, लवकर आठवण झाली.' पारावर हेच वाक्य हसण्यावारी गेलं असतं. पडद्यावर ते टोमणा होऊन बसतं. समोरचा दुखावतो, दोन दिवस गप्प राहतो, आणि कुणीतरी मधल्यानं फोन करून सांगावं लागतं की अरे, त्यानं गमतीत म्हटलं होतं. शब्द जशाचा तसा पोचला, कोपर मात्र वाटेतच राहिलं.

म्हणून गावाकडच्या थोरल्या बायका मुंबईतल्या मुलांना फारसं टाइप करून पाठवत नाहीत. नातीला फोन धरायला लावून त्या आवाजच भरून पाठवतात. मागे कोंबड्यांचा कलकलाट, हंड्याचा आवाज, आणि मग घसा साफ करून, "यात्रा हाये रविवारी. साहेबांना सवड असंल तर यावं म्हणे." अंधेरी स्टेशनच्या बाहेर सायकलला डबे अडकवताना मुलगा ते ऐकतो, पुन्हा एकदा ऐकतो, आणि शेजारच्याला म्हणतो, "आई लय चिडलीय. शनिवारची गाडी बघ."